बिलोलीला आपला कपडेपट हवा

शाळेच्या गॅदरिंगमध्ये हल्ली वासुदेव येतो तो चकचकीत सॅटिनचा झगा घालून. त्याच्यामागून मावळा येतो, त्याचा अंगरखाही त्याच सॅटिनचा. मग गोंधळी येतो, श्रीकृष्ण येतो, मुक्तिसंग्रामाच्या नाटुकल्यातला निजामाचा तहसीलदार येतो. कापड एकच, जर प्लॅस्टिकची, शिलाई एकाच मापाची. संध्याकाळी भाड्याने आणायचं, रात्री घालायचं, सकाळी परत द्यायचं. कोण आलंय हे माईकवरून सांगावं लागतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणी ते सांगावं लागत नव्हतं. सोंग वेशीवर दिसलं, की पोरं त्याचं नाव घेऊन ओरडत धावायची.

भाड्याच्या ड्रेसवाल्यावर माझा राग नाही. त्याच्यामुळे गरीब शाळेतल्या पोरालाही एक दिवस राजा होता येतं. माझी तक्रार तुमच्या-माझ्याबद्दल आहे. बिलोली, देगलूर, नायगाव, धर्माबाद, मुखेड या पट्ट्यात ज्यांच्या घरी भारूड झालं, लळीत झालं, गोंधळ झाला, गावच्या हौशी मंडळाचं नाटक झालं, त्यांच्या माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत, जुन्या गाठोड्यात सोंगाचे कपडे असतील, तर ते दिवाळीच्या साफसफाईत बाहेर पडतात आणि भांडीवालीच्या टोपलीत जातात. एका जुन्या जरीच्या काठाला एक स्टीलचं पातेलं मिळतं. हा सौदा थांबवायला हवा. बिलोली तालुक्याने स्वतःचा कपडेपट उभा करावा, एवढंच या लेखाचं मागणं आहे.

जुन्या नाटक मंडळ्यांत कपडे, दागिने, पगड्या, शेले जिथे सांभाळले जात, त्याला कपडेपट म्हणत. रंगपटात नट रंगायचा आणि कपडेपटातून पात्र होऊन बाहेर पडायचा. या खात्याला मंडळीत मान होता, कारण कपडा आधी बोलतो आणि नट नंतर, हे जाणत्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडचीच सोंगं घ्या. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, पांढरा घोळदार झगा, हातातले टाळ-चिपळ्या. तो तोंड उघडायच्या आधीच बाई सूप घेऊन दारात येते. गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ दिसली, की तो देवीचा माणूस, हे माहूरच्या रेणुकेपासून तुळजापूरच्या भवानीपर्यंत कुणालाही कळतं. पोतराजाचे मोकळे केस, कपाळावर मळवट, उघडं अंग, कमरेला चोळखणांचा घागरा आणि हातात कोरडा. पुरुषाच्या अंगावर बाईच्या चोळीचं कापड आहे आणि त्याच्याच हातात स्वतःच्या अंगावर ओढायचा आसूड आहे. देवी, भय, नवस आणि भूक या चारही गोष्टी त्या वेशात आहेत. त्या घागऱ्यात कुठला खण कुठल्या गावचा, हे फक्त त्या पोतराजालाच सांगता येईल. तो गेला की घागरा नुसता चिंध्यांचा उरेल.

खंडोबाच्या वाघ्याकडे भंडाऱ्याची पिशवी असते. ती पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ते योग्यच झालं. आता पट्टे छापलेल्या कापडाची पिशवी दिसते. पण बघा, एका हातभर पिशवीत जंगल, देव आणि कायदा यांचा केवढा इतिहास भरलेला आहे. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात आजही वाघ्या-मुरळी जमतात. आपण घोडे बघतो, लावणी बघतो, कुस्त्या बघतो आणि घरी येतो. त्या पिशव्या, दिमड्या, घोळदार झगे नीट न्याहाळून, विचारून, लिहून ठेवण्याचं काम मात्र कुणी अंगावर घेत नाही.

सोंगी भारूड हा तर वेशभूषेचा मोठा वस्तुपाठ. पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, पोतराज यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. म्हणजे भारूड करणाऱ्याला या सगळ्यांचे कपडे अंगावर चढवावे लागले. जन्माने ज्यांना ओवरीच्या बाहेर उभं केलं होतं, त्यांच्या वेशात उभं राहून देवाची गोष्ट सांगायची, हे त्या काळात लहान धाडस नव्हतं. आणि हे सगळं फार थोड्या कापडात व्हायचं. एक उपरणं डोक्यावरून घेतलं की म्हातारी, कमरेला बांधलं की नाचा, खांद्यावर टाकलं की पाटील. घोंगडीची खोळ केली की धनगर. लळितात तर भालदार-चोपदारापासून आंधळ्या-बहिऱ्यापर्यंत एकामागून एक सोंगं यायची आणि मोजक्या कपड्यांवर रात्र काढायची. कमी खर्चात पात्र उभं करण्याची ही कला आज राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या कुठल्याही हौशी संघाला उपयोगी पडेल. पण ती शिकायची कुणाकडून? उपरणं कुठे दुमडायचं, हे ठाऊक असलेले हात दरवर्षी कमी होताहेत.

बिलोलीचं वेगळेपण आणखी एका गोष्टीत आहे. आपण सीमेवरचे लोक. मांजरेच्या पलीकडे तेलंगण. १९५६ पर्यंत बिलोली काय आणि निजामाबाद काय, सगळं हैदराबाद राज्यातच होतं. त्यामुळे इथल्या अंगावरच्या कपड्यांत तीन भाषा नांदल्या. निजामाच्या अमलात तहसीलदार, गिरदावर शेरवानी आणि रुमी टोपीत. शेतकरी धोतर-बंडीत, डोक्याला पटका. घरच्या बाईचं नऊवारी इरकली लुगडं, काष्टा घातलेलं. तांड्यावरची बंजारा बाई आरसे-कवड्यांच्या फेटिया-कांचळीत. नदीपलीकडे निजामाबादकडे चिंदू यक्षगानाचे कलावंत हलक्या लाकडाचे मुकुट आणि खांद्यावरची भुजकीर्ती बांधून पुराणकथा उभ्या करणारे. असा कपड्यांचा बाजार महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल.

म्हणूनच १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात जेव्हा निजामाचा अधिकारी भाड्याच्या मोगल-दरबारी पोशाखात येतो, तेव्हा वाईट वाटतं. १९४८ हे काही पुराणातलं साल नाही. त्या वेळची माणसं, त्यांचे फोटो, त्यांच्या शेरवान्या अजून घराघरांत असू शकतात. शेरवानीची कॉलर कशी, गुंड्या किती, बिलोलीच्या कचेरीतला कारकून आणि हैदराबादचा हुद्देदार यांच्या कापडात फरक काय, धोतर आणि टोपी घालून कचेरीसमोर उभं राहणं म्हणजे काय धोका होता, हे सगळं त्या मुलांना कपड्यावरून शिकवता येतं. चुकीच्या पोशाखात केलेला मुक्तिसंग्राम मुलांना परीकथेसारखा वाटतो. बरोबर पोशाखात केला, तर त्यांना आपला आजोबा दिसतो.

आता एक अवघड गोष्ट. कपडे जपायचे म्हटलं की कुणी तरी हळूच विचारणार, पोतराजाचा आसूडही जपायचा का? प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं होतं, लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, ते गुडघ्यावर खोचू नका, गळाभर-हातभर कथला-चांदीचे दागिने टाकून द्या. अंगावरचा कपडा जात ओळखू येण्यासाठी लादलेला असतो आणि तो बदलणं हेच बंड असतं, हे त्यांनी एका भाषणात उघड केलं. पुढे कित्येक घरांनी पोतराजाचे केस कापले आणि घागरा पेटवला. त्यांनी बरोबर केलं. मुरळी सोडण्याची प्रथा कायद्याने बंद झाली, तीही बरोबर झाली.

म्हणून आपल्या कपडेपटाचा पहिला नियम असा असावा. वेश जपायचा, लाचारी जपायची नाही. कुणालाही परंपरेच्या नावाखाली पुन्हा दारोदार उभं करायचं नाही. घागरा कपाटात ठेवायचा आणि त्याच्याशेजारी तो का टाकला, हेही लिहायचं. ज्या घराने तो जाळला, त्या घराची गोष्टही नोंदवहीत यायला हवी. उद्या कुणी तरुण नाटककार या भागातली दलित चळवळ रंगमंचावर आणेल, तेव्हा त्याला पोतराजाचा घागरा आणि बाबासाहेबांचा सूट दोन्हींचा अर्थ कळावा लागेल. नांदेडच्या दत्ता भगतांनी ‘वाटा-पळवाटा’ लिहून आपल्या मातीतलं हे सगळं रंगभूमीवर आणता येतं, हे दाखवून दिलं आहे. अशा नाटकाला लागणारे कपडे मुंबईहून भाड्याने मिळत नाहीत.

मोठ्या रंगभूमीने कपड्याची ताकद वारंवार दाखवली. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, नेसण्याची ढब बघून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. त्याच नटाने ‘एकच प्याला’तल्या सिंधूचं दारिद्र्यही अंगावर घेतलं. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ आलं, तेव्हा धोतरातल्या ब्राह्मणांची एक रांग कधी भिंत झाली, कधी पडदा झाली, कधी पेशवाईचं ढोंग झाली. तिथे नेपथ्य जवळजवळ नव्हतंच. कपडा आणि शरीर यांनीच पुणं उभं केलं.

आणि कोल्हापूरच्या भानू अथैया. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. खादीच्या पंचातून एका देशाची गोष्ट त्यांनी सांगितली. पण २०१२ साली त्यांनी ते ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. आपल्यामागे इथे ते नीट सांभाळलं जाईल याची त्यांना खात्री वाटत नव्हती. २०२० मध्ये त्या गेल्या. महाराष्ट्राच्या लेकीला सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीची ही काळजी वाटली, तर भारूडवाल्याच्या सुती झग्याचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको. मुंबईतलं किंवा दिल्लीतलं कुणी येऊन आपल्या ट्रंका उघडणार नाही. त्या आपणच उघडायच्या आहेत.

लहान गावाला हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. फ्रान्समध्ये मुलँ नावाचं छोटं शहर आहे, लोकसंख्या सुमारे २० हजार. तिथे घोडदळाची अठराव्या शतकातली बराक पडून होती. २००६ साली त्या बराकीत रंगभूमीच्या कपड्यांचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. पॅरिसच्या ऑपेराचे आणि जुन्या नाट्यगृहांचे हजारो पोशाख आज पॅरिसमध्ये नाहीत, त्या आडगावात आहेत. लोक ते बघायला तिथे जातात. आपल्याला राष्ट्रीय केंद्र नको. एक कोरडी खोली, दोन कपाटं आणि एक नोंदवही पुरे.

आपल्या भागाची कापडाशी ओळखही काही कमी नाही. नांदेडला उस्मानशाही मिल होती. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं कापड उदगीरला विणलं जातं आणि नांदेडला त्याचे राष्ट्रध्वज तयार होतात. टाका कुठे, किती अंतरावर, रंग किती पक्का, याचे कडक नियम पाळून देशाचा झेंडा शिवणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत. हिंगोलीजवळच्या नरसीचे संत नामदेव शिंपी होते. सुई आणि अभंग एका घरात नांदल्याचा वारसा मराठवाड्याला आहे. कमी आहे ती फक्त सवड काढण्याची.

तर काय करायचं, ते नीट सांगतो.

आधी कपडा जागच्या जागी थांबवा. धुऊ नका, इस्त्री करू नका, शिलाई उसवू नका. घामाचा डाग, कुंकवाचा ठिपका, काखेत लावलेलं ठिगळ, कंबर वाढल्यावर घातलेला पट्टा, हे सगळे पुरावे आहेत. तो कपडा किती रात्री नाचला, हे त्या डागांवरूनच कळतं. मग समोरून, मागून आणि आतल्या बाजूने फोटो काढा. आतली बाजू महत्त्वाची, कारण शिंप्याची सही तिथल्या टाक्यांत असते. मोबाइल सगळ्यांकडे आहे.

मग विचारा. कुणी शिवला, कापड कुठून आणलं, कोणत्या बाजारातून, कोणतं सोंग, कोणत्या गावच्या कोणत्या उत्सवात, कोणाच्या अंगावर? टोपी आधी की झगा आधी? गाठ डावीकडे की उजवीकडे? आजोबांना उभं करून नेसायला लावा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. कपडा पुढची पन्नास वर्षं टिकेलही, नेसण्याची रीत मात्र त्यांच्यासोबत जाईल. हे काम सगळ्यात घाईचं आहे.

ठेवताना काळजी घ्या. सुती कपड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याची शाई आणि आम्ल कापडात उतरतं. जुनी, धुतलेली, मऊ मलमलीची साडी हे उत्तम वेष्टण. जरीचा कपडा वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवला तर घडीवर फाटतो, म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदला, जमलं तर गुंडाळी करून ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लावू नका. पावसाळा संपला की सावलीत हवा द्या, उन्हात नको. लोखंडी ट्रंक असेल तर आत सुती कापडाचं अस्तर घाला, गंजाचा डाग निघत नाही. आणि नंबर टाचणीने लावू नका, सुती फितीवर लिहून दोन सैल टाक्यांनी जोडा.

कपडा द्यायचाच असा हट्ट नाही. मालकी घराचीच राहील. नोंद तेवढी सगळ्यांची. ज्यांना द्यायचा आहे त्यांनी लेखी द्यावा आणि त्यांचं नाव कपड्याबरोबर कायम राहावं. या नोंदीचा कलावंतांना रोकडा उपयोगही आहे. वृद्ध कलावंत मानधनाच्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात आणि तिथेच आपली माणसं अडतात. तारीखवार फोटो, वेशाची नोंद, गावकऱ्यांच्या सह्या यांची एक नीट फाईल झाली, तर एखाद्या भारूडकाराचं म्हातारपण सुसह्य होईल.

शिंपी बंधूंनो, तुमच्या वडिलांनी शिवलेल्या झग्यांची बेतणी तुम्हालाच ठाऊक आहे. तिचा एक कागदी नमुना काढून द्या. मूळ झगा कपाटात राहील आणि त्या बेतावर शाळेसाठी सुती कापडाचे नवे शिवता येतील. सॅटिनपेक्षा ते जास्त टिकतील आणि कामही तुमच्याच दुकानात येईल.

गुरुजी आणि बाई, पुढच्या गॅदरिंगला एक तरी पोशाख गावातल्या माणसाला विचारून तयार करा. मुलांना कपडा घेऊन आजी-आजोबांकडे पाठवा. सगरोळीच्या संस्कृती संवर्धन मंडळासारखी १९५९ पासून उभी असलेली संस्था आपल्याच तालुक्यात आहे. अशा संस्थांनी आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी एकेक कोरडी खोली दिली, तर जागेचा प्रश्न मिटतो.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नाटक शिकवलं जातं. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एक सुटी बिलोलीच्या पट्ट्याला द्यावी. शास्त्रशुद्ध नोंद कशी करायची, हे तुम्ही शिकवा. उपरणं कसं दुमडायचं, हे इथली माणसं तुम्हाला शिकवतील. नाट्यसंघांनी स्पर्धेचं नाटक बसवताना ड्रेपरीचं बजेट भाड्यावर उडवण्याआधी एकदा या नोंदवहीत डोकावावं. नगरपरिषदेकडे आणि पंचायत समितीकडे आपण सगळ्यांनी सह्यांचं निवेदन द्यावं. मागणी मोठी नाही, एक खोली, दोन कपाटं, वर्षाला थोडी तरतूद.

आणि पुण्या-मुंबईत, हैदराबादला गेलेल्या आपल्या लेकरांनो, गावचं घर रिकामं करायला याल तेव्हा माळ्यावरचं गाठोडं न उघडता देऊन टाकू नका. जुन्या अल्बममधल्या लग्नाच्या, जत्रेच्या, नाटकाच्या फोटोंची प्रत पाठवा. एका फोटोतल्या शेरवानीच्या गुंडीवरून एक पात्र उभं राहू शकतं.

देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन देवळांवर दागिन्यांनी मढलेल्या मूर्ती आहेत. त्या दगडात कोरल्या म्हणून शेकडो वर्षं टिकल्या. राजाला आणि देवाला दगड मिळाला. वासुदेवाला, गोंधळ्याला, भारूडवाल्याला कापडच मिळालं आणि कापड आपोआप टिकत नाही. ते कुणी तरी टिकवावं लागतं.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची ही आठवण. यंदा या दिवशी भाषणं आणि हारतुरे थोडे बाजूला ठेवू या. प्रत्येक गावात देवळाच्या ओसरीवर, मशिदीच्या चौकात, शाळेच्या व्हरांड्यात, तांड्यावर एक सतरंजी अंथरा. ज्याच्याकडे झगा आहे त्याने झगा आणावा. ज्याच्याकडे फोटो आहे त्याने फोटो. ज्याला एखाद्या सोंगाची फक्त आठवण आहे त्याने येऊन ती सांगावी. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने वही-पेन घेऊन यावं आणि लिहायला बसावं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक गावाच्या नोंदवहीचं पहिलं पान भरलेलं असलं पाहिजे. तोवर भांडीवालीला सांगा, या घरातलं जुनं कापड विकायचं नाही.